हिरवी एमजीबी पाहायला: ऑक्सफर्डशायरमधले चार दिवस

जाहिरात चार ओळींची. १९६६ची एमजीबी रोडस्टर (दोन आसनी, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), ब्रिटिश रेसिंग ग्रीन, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर), तारांची चाकं, 'रंग पत्र्यापर्यंत उतरवून संपूर्ण रिस्टोअर केलेली'. किंमत १४,९५० पाउंड. सोबत चोवीस फोटो, त्यातले एकोणीस नुसत्या चकाकीचे. गाडीच्या पोटाखालचा एकही नाही. एमजीबीच्या बाबतीत हे म्हणजे घर विकायला काढून फक्त पडद्यांचे फोटो टाकण्यासारखं आहे. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. सगळा भार दोन्ही दारांखालच्या लांबट पेट्यांवर, म्हणजे सिलवर असतो. ती पेटी आतून सडली असेल, तर वरच्या रंगाला आणि नव्या कातडी सीटना फारसा अर्थ राहत नाही.

एप्रिलचा शेवट होता. मुक्काम ऑक्सफर्डला, पहिला दिवस बसने आणि पुढचे तीन दिवस भाड्याच्या छोट्या गाडीने. भारतातून तात्पुरते येणाऱ्यांना भारतीय लायसन्सवर बारा महिने इथे गाडी चालवता येते. मात्र दुसऱ्याची गाडी चालवून पाहायची तर विम्याची सोय आधी करावी लागते. भाड्याच्या गाडीचा विमा तिथे चालत नाही.

पिशवीत काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: फडक्यात शिवलेला छोटा चुंबक, हातात मावणारा चांगला टॉर्च, काडीला लावलेला आरसा, पोलादी पट्टी, सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज आणि जमिनीवर अंथरायला प्लास्टिकचा कागद.

पहिला दिवस, मंगळवार: ऑक्सफर्ड आणि ॲबिंग्डन

सकाळी रिमझिम. ऑक्सफर्डच्या लाँगवॉल स्ट्रीटवर विटांची एक जुनी इमारत आहे. इथे विल्यम मॉरिस यांचं गॅरेज होतं. पहिल्या मॉरिस ऑक्सफर्डचा नमुना १९१२ साली इथेच जुळवला गेला. आता इमारतीत न्यू कॉलेजचे विद्यार्थी राहतात आणि रस्त्याकडच्या एका खिडकीत मॉरिस यांच्याबद्दलचं छोटं प्रदर्शन आहे. चालताना लक्ष नसेल तर सरळ पुढे निघून जाल. मॉरिस गॅरेजेस या नावाची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजेच एमजी. आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच मॉरिस ऑक्सफर्ड नावाच्या एका मॉडेलवरून आपली ॲम्बॅसडर निघाली, हे त्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर आठवल्याशिवाय राहत नाही.

हे नातं नुसतं नावापुरतं नाही. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातले, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचे. पुण्या-मुंबईतल्या ज्या मिस्त्रीने ॲम्बॅसडरचं हेड उतरवलंय, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटणार नाही. पुशरॉड, रॉकर, १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की इथे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि ९५ अश्वशक्ती.

ॲबिंग्डनला रेल्वे स्टेशन नाही; जवळचं स्टेशन रॅडली. ऑक्सफर्डहून बस घ्यावी, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. एमजीचा कारखाना १९२९ साली इथे आला आणि १९८०च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला. एमजीबी १९६२पासून शेवटपर्यंत इथेच बनली, पाच लाखांहून जास्त. कारखाना पाहायच्या आशेने जाऊ नका, त्या जागेवर आता वेगळी बांधकामं आहेत. सिमेटरी रोडवर किंबर हाउस मात्र आहे. एमजी कार क्लबचं ते मुख्यालय. सेसिल किंबर यांनी एमजीला घडवलं, म्हणून हे नाव.

गावाच्या मधोमध काउंटी हॉल आहे, सतराव्या शतकातला, कमानींवर उभा. आत संग्रहालय, आणि त्या संग्रहालयात एक अख्खी एमजीबी. पण तिच्याइतकीच मजा बाजूच्या कपाटात आहे: जपून ठेवलेले जुने बन. राज्याभिषेकासारखा प्रसंग आला की गावचे मानकरी या इमारतीच्या गच्चीवरून खाली जमलेल्या लोकांवर बन फेकतात. काही जणांनी झेललेले बन खाल्लेच नाहीत. तिथली एक बाई सांगत होती, "आमच्याकडे दोनच गोष्टी टिकवतात, बन आणि एमजी. बनला गंज चढत नाही, एवढाच फरक."

संध्याकाळी मालकांना फोन केला, एवढंच सांगायला की परवा आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. जुनी गाडी पाहायला जाताना ही विनंती आवर्जून करावी. गरम इंजिन बरेच दोष लपवतं.

दुसरा दिवस, बुधवार: गेडन

पाऊस थांबला, वारा सुटला. एम४० महामार्गाच्या १२ नंबरच्या फाट्याहून गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम अगदी जवळ आहे. जवळ रेल्वे नाही, त्यामुळे गाडी हवीच. संग्रहालय मोठं आहे, अर्धा दिवस सहज जातो. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी १९२५ची एमजी इथे आहे. नाव नंबर वन असलं, तरी ती पहिली एमजी नव्हे. जाहिरातीतल्या शब्दांवर किती भरवसा ठेवावा, याची ही चांगली सुरुवात.

आपल्या कामाचा भाग म्हणजे इथलं दफ्तर. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून इथे हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं: गाडी कधी बनली, कुठे पाठवली, इंजिन क्रमांक, मूळ रंग, आतला रंग, कारखान्यातून कोणते जादा भाग बसवले. मालकांनी त्यांच्या गाडीच्या सर्टिफिकेटचा फोटो आधीच पाठवला होता. तो कसा वाचायचा ते इथे सांगतो.

गाडीचा क्रमांक जीएचएन३ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचं इंजिन, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, ३ म्हणजे मालिका. १९६७च्या शेवटी मार्क टू आली आणि जीएचएन४ सुरू झालं. जीएचएन३नंतर एल असेल, तर गाडी डाव्या स्टिअरिंगची बनली होती. एमजीबी मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ नंतर परत आणून उजव्या स्टिअरिंगच्या केल्या गेल्या. कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा चांगला असतो, त्यामुळे हे वाईटच असं नाही, पण विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे.

इंजिनाचा क्रमांक १८जीबी-आरयू-एच. १८जीबी म्हणजे पाच मेन बेअरिंगचं इंजिन, १९६४च्या ऑक्टोबरपासूनचं. त्याआधीच्यात तीनच बेअरिंग होती. आर म्हणजे ओव्हरड्राइव्ह कारखान्यातूनच, यू म्हणजे मधला गिअर, एच म्हणजे जास्त कॉम्प्रेशन. जादा भागांच्या यादीत तारांची चाकं आणि हीटर. होय, इंग्लंडच्या थंडीत विकल्या जाणाऱ्या गाडीत हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे.

आणि रंग: ओल्ड इंग्लिश व्हाइट.

म्हणजे हिरवी गाडी मुळात पांढरी होती. रंग बदलला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. हिरवा रंग जास्त खपतो, म्हणून अनेकांनी तेच केलंय. पण यातून एक फुकटची कसोटी हाती लागली. पत्र्यापर्यंत उतरवून रंगवली असेल, तर पांढरा रंग गाडीत कुठेच सापडायला नको.

दुपारी बॅनबरीला थांबलो. तिथला बॅनबरी केक म्हणजे आपल्या समजुतीतला केक नव्हे, काळ्या मनुकांचं सारण भरलेली चपटी, लांबट पापुद्र्याची पेस्ट्री. करंजीची कुठली तरी लांबची बहीण. गरम मिळाली तरच घ्या.

तिसरा दिवस, गुरुवार: गाडी

सकाळी तापमान ६ अंश, तोंडातून वाफा. चिपिंग नॉर्टनकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्हीकडे रेपसीडची शेतं पिवळीधमक; मोहरीच्या कुळातलंच पीक, त्यामुळे वासही ओळखीचा. गाव मधाच्या रंगाच्या दगडी घरांचं. मालक सत्तरीचे, पूर्वी शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करायचे. त्यांनी ही गाडी अकरा वर्षांपूर्वी घेतली, तीही रिस्टोअर केलेलीच. म्हणजे जाहिरातीतलं वाक्य त्यांचं नव्हतं, त्यांच्या आधीच्या मालकाकडून आलेलं होतं. हे विचारल्यावरच कळलं.

गॅरेजचं दार उघडलं. गाडी सुरेख होती, यात वाद नाही.

सगळ्यात आधी बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकला हात लावला. थंडगार. मालकांनी शब्द पाळला होता. मग किल्ली फिरवायची, पण स्टार्टर मारायचा नाही. मागून एसयूच्या विजेच्या पंपाची टकटक ऐकू येते. आधी भराभर, मग मंद होत थांबते. थांबली नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नाही किंवा टाकी रिकामी आहे. इथे सहा-सात टोल्यांत थांबली. चोक ओढून दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. पाठीमागे निळा धूर नाही. तेलाचा दाब थंड इंजिनावर ७० पीएसआयच्या वर, हे बरोबर. तो गरम झाल्यावर पाहायचा, म्हणून उद्यावर ठेवला.

आता चुंबक. पहिल्याच जागी नवखा माणूस फसतो: बॉनेटला चुंबक चिकटत नाही. पुट्टी भरलीय म्हणून नव्हे. १९६०च्या दशकातल्या एमजीबीचं बॉनेट मुळातच ॲल्युमिनियमचं. तिथे चुंबक चिकटला, तर उलट बॉनेट नंतरच्या गाडीचं आहे. बाकी सगळीकडे चुंबक सारख्या ओढीने बसला पाहिजे. मुख्य जागा या: पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, मागच्या चाकापुढचा वळणदार भाग, दाराच्या बाहेरच्या पत्र्याची खालची कड आणि सिलची पूर्ण लांबी. उजवीकडे सगळं ठीक. डावीकडे दाराच्या मागच्या कोपऱ्याखाली तळहाताएवढ्या जागेत चुंबक सैल. नुसता रंग जाड आहे की खाली पुट्टी आहे, ते चुंबक सांगत नाही. कुठे थांबायचं तेवढं सांगतो.

मग दारांच्या फटी. पोलादी पट्टीने मोजल्या. उजव्या दाराची मागची फट वर-खाली जवळजवळ सारखी, चार मिलिमीटर. डाव्या दाराची वर तीन, खाली साडेपाच. गाडी मध्ये खचली की दाराची वरची फट मिटते आणि खालची उघडते. अडीच मिलिमीटरवरून निकाल देऊ नये, कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या फटीही काही घड्याळजींनी लावलेल्या नव्हत्या. पण चुंबक आणि फट दोन्ही एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवत होते.

दाराच्या बाहेरच्या पत्र्याला छोट्या त्रिकोणी काचेच्या पायाशी तडा जाणं हा एमजीबीचा जुना रोग. दार त्या काचेला धरून ओढून लावलं, की तिथे ताण येतो. इथे दोन्ही दारं स्वच्छ होती.

सीटमागचं झाकण काढलं. तिथे दोन पेट्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडून बारा व्होल्ट. या पेट्या आम्लाने आणि चिखलाने सडतात. बॅटरी उचलूनच बघायचं, वरून दिसत नाही. पेट्या नव्या होत्या. आणि लक्षात ठेवण्यासारखं: १९६७पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचं धन (+) टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं, म्हणजे आपल्या सवयीच्या उलट. कुणीतरी सवयीने जंप केबल लावली किंवा आजचा रेडिओ जोडला, की धूर निघालाच म्हणून समजा. पुढे अल्टरनेटर बसवायचा विचार असेल, तर आधी सगळं उलटवून घ्यावं लागतं.

ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट मारलेली पट्टी आरशात पाहिली. १८जीबी-आरयू-एच, पुढचे आकडे सर्टिफिकेटशी जुळणारे. छान. म्हणजे इंजिन मूळचंच; पाऊण रस्ता पार केल्यासारखं झालं.

शेवटी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. टॉर्च हीटरच्या मागे, वायपरच्या यंत्राकडे फिरवला. तिथे, वायरींच्या गुंत्यामागे, हिरव्याच्या कडेला पांढरा रंग. हाताएवढा मोठा पट्टा, मूळ कारखान्याचा.

मालकांना दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, टॉर्च हातात घेतला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. "अकरा वर्षं मी हिच्याखाली आडवा झालोय," ते म्हणाले. "पण इथे कधी पाहिलंच नाही."

जमीन खडीची होती, जॅक सरकला असता. म्हणून पुढची तपासणी दुसऱ्या दिवशीवर. त्यांनीच ओळखीच्या गॅरेजमध्ये तासाभरासाठी लिफ्ट सांगून ठेवली. मग आग्रहाने चहा आणि जाडजूड फ्रूट केक. दुपारी गावातल्या पबमध्ये 'प्लाउमन्स लंच' घेतलं: चेडर चीजचा ठोकळा, पाव, कांद्याचं लोणचं, काळसर गोडसर चटणीसारखं पिकल. आपल्या भाकरी-कांदा-ठेच्याच्या वळणाचं जेवण, फक्त तिखट नाही.

कागद संध्याकाळी पाहिले. यात तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, व्ही५सी हे लॉगबुक. ते मालकीचा पुरावा नाही असं त्यावरच छापलेलं असतं, म्हणून विक्रीची पावती वेगळी घ्या. दोन, एमओटी म्हणजे तिथली वार्षिक तपासणी. ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८पासून तिची सक्ती नाही. त्यामुळे 'एमओटी लागत नाही' हे वाक्य विकणारा अभिमानाने सांगतो, पण घेणाऱ्याला ते अडचणीचं. सक्ती नसली, तरी तपासणी करून घेता येते. गाडीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पाउंड लागतात. विकणारा तयार नसेल, तर का ते विचारा. आणि सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचा इतिहास, मैलांच्या आकड्यासह, फुकट दिसतो. तीन, रस्ताकर शून्य असला, तरी नव्या मालकाला तो आपल्या नावाने नव्याने नोंदवावा लागतो.

फाइलमध्ये रिस्टोरेशनचे तेवीस फोटो होते. उजव्या बाजूचे सोळा. पुढचं मडगार्ड उतरवलेलं, आतली पेटी उघडी, दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड केलेली. डाव्या बाजूचे सात, आणि सातही रंगानंतरचे.

चौथा दिवस, शुक्रवार: लिफ्ट आणि रस्ता

सकाळी कोवळं ऊन. गॅरेजपर्यंत गाडी मालकांनी चालवत आणली, त्यामुळे इंजिन गरम. आधी तेच काम उरकलं. चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, गेज लावलं: १६०, १६५, १६०, १५५. सगळ्यांत मोठ्या आणि लहान आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. इथे सहा टक्के. गरम इंजिनावर तेलाचा दाब चालताना ५० ते ८०, जागेवर मंद (आयडल) फिरताना १० ते २५ असावा. या गाडीत ६० आणि २०.

हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) बसवल्याची पावती होती. हे महत्त्वाचं, कारण शिशाशिवायच्या पेट्रोलवर मूळ ओतीव सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. ती १५ हजारांश इंच असायला हवी. दर वेळी मोजताना कमी भरत असेल, तर सीट झिजतेय. पेट्रोल मात्र ई५च (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) घ्यावं. २०२१पासून तिथलं साधं पेट्रोल ई१० झालंय, आणि इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, मऊ होतात. भारतात तर आता ई२०. तिथे पाइप आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केट आधी बदलल्याशिवाय अशी गाडी चालवूच नये.

लिफ्ट वर गेली. उजवी बाजू पाहण्यासारखी होती. सिलची खालची कड म्हणजे तीन पत्र्यांचं सँडविच: बाहेरचं सिल, मधला उभा पडदा आणि आतली किल्ल्याच्या तटासारखी खाचा असलेली पट्टी. कडेला टॉर्च आडवा धरला की तीन रेषा मोजता येतात, आणि ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डचे गोल ठसे. पाणी जायची भोकं मोकळी, आतून मेण फवारलेलं.

डावीकडे चार रेषा. कडेला ठशांच्या जागी वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे, वर जाड काळा रबरी थर. म्हणजे सडलेलं सिल न काढता त्यावर नवीन पत्र्याचं आवरण चढवलेलं. हा आडमार्ग लोक का घेतात तेही समजून घ्या. खरं सिल पुढे मडगार्डच्या मागे शिरतं आणि मागे मागच्या मडगार्डखाली जातं. नीट बदलायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं, मागचं खालून कापावं लागतं, दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून गाडीला आधार द्यावा लागतो, दार बसवून फट पुन:पुन्हा तपासावी लागते, आणि शेवटी त्या सगळ्याला रंग. आवरण चढवायला एक दुपार पुरते. पण आतला गंज झाकला की तो ओलावा धरून जोमाने वाढतो, आणि भोकं बुजल्याने पाणी कोंडतं.

आधारासाठी नळी न लावता सिल कापणं ही याहून मोठी चूक. गाडी तिथल्या तिथे काही मिलिमीटर वाकते आणि ती वाकलेली स्थिती नवीन पत्रा वेल्ड करून कायमची केली जाते. मग कितीही बिजागरी हलवली, तरी दार बसत नाही.

गाडी खाली घेतली. सपाट फरशी, विरुद्ध बाजूच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि जॅक डावीकडच्या मूळ जागी. मालकांना विचारून, आणि गाडीखाली कुणी नाही हे पाहून. चाकं जमिनीवरून उचलताच डाव्या दाराची फट डोळ्यांदेखत बदलली. दार उघडून पुन्हा लावलं, तर कडी खटक्यात बसेना. उजवीकडे हाच प्रयोग केला: दार पूर्वीसारखंच, दोन बोटांनी बंद.

मालकांनी स्वतः डावं दार उघडलं, लावलं, उघडलं. जॅक उतरवायला सांगितलं नाही. आणखी तीनदा तेच केलं.

बाकीचं लहानसहान. मागच्या डाव्या ब्रेक ड्रमच्या कडेला तेलाचा ओघळ. १९६७च्या मध्यापर्यंतच्या रोडस्टरला बँजो पद्धतीचा मागचा ॲक्सल असतो. हबचं ऑइल सील गेलं की गिअरचं तेल ब्रेक शूवर येतं. सील बदलण्याआधी ॲक्सलवरचं हवेचं छिद्र साफ आहे ना ते पाहा. ते चोंदलं, तर नवं सीलही टिकत नाही. तेल भिजलेले शू धुऊन वापरू नका, टाका. पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं तर थोडी खिळखिळ. ब्रेक दाबून पुन्हा हलवलं, तरी तशीच, म्हणजे बेअरिंग नव्हे, किंगपिन, ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती. दर तीन हजार मैलांनी प्रत्येक बाजूच्या तीन निपलांत ग्रीस भरायचं असतं. वरचं निपल रंगाने बुजलेलं होतं. रंगाऱ्याने गाडी सुंदर केली आणि किंगपिन मारला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाच भरपूर असली, तरी दहा वर्षांचे टायर बदलायचेच. तारांच्या चाकांना आत ट्यूबही लागते. प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर सैल.

मग रस्ता. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे दाते आपोआप जुळवणारी सोय) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. सवय नसेल तर हाताला दात मोजल्याचा भास होतो. सुटताना आणि मग रिव्हर्सला मागून एक 'टक' आला. तारांच्या चाकांचे आणि हबचे दाते झिजले की असा आवाज येतो. चाक काढून दात टोकदार झालेत का ते बघावं. दोन्ही भाग जोडीनेच बदलायचे, नाहीतर जुना नव्याला खातो. चौथ्यात ५० मैलांवर डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. ओव्हरड्राइव्ह क्षणात लागला, धक्का नाही. ताशी ७० मैलांना ३९००च्या जागी सुमारे ३१०० फेरे. लांबच्या प्रवासात हा एक भाग असणं-नसणं म्हणजे गप्पा मारता येणं-न येणं. तो तिसऱ्या आणि चौथ्यातच चालतो. लागला नाही, तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी तेलाची पातळी आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) तपासा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच, आणि तेही इंजिनाचं २०डब्ल्यू५०.

परतताना वाटेत सरसरून पाऊस आला. कापडी टप चढवायला आम्हाला सात मिनिटं लागली. मालकांनी चाळीस वर्षांचा सराव असल्यासारखं दीड मिनिटात दुसऱ्या बाजूचं केलं आणि डाव्या गुडघ्यावर ठिबकणाऱ्या थेंबाखाली हातरुमाल ठेवला. "हा कारखान्यातूनच येतो," म्हणाले, "त्याचे पैसे जादा नाहीत."

गॅरेजवाल्याने डावं सिल मुळापासून करायला रंगासह पस्तीस-चाळीस तासांचं काम सांगितलं. शिवाय ऑइल सील, ब्रेक शू, दोन्ही बाजूंचे किंगपिन, मागची दोन चाकं आणि हब. कागदावर बेरीज करून ती मालकांसमोर ठेवली. घासाघीस करताना 'गाडीत दोष आहेत' असं मोघम म्हणू नये, यादी द्यावी. यादीवर माणूस रागावत नाही. आमचा आकडा जाहिरातीपेक्षा बराच खाली होता, आणि इंजिन व ओव्हरड्राइव्ह पाहता तोही काही वाईट नव्हता. ते म्हणाले, विचार करतो.

भारतात न्यायचा विचार असणाऱ्यांसाठी दोन ओळी. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती गाडी चालत नाही. आयातीची परवानगी आणि सीमाशुल्क हा वेगळा विषय. गाडी पाहायला जाण्याआधी कस्टम्सच्या दलालाशी बोलावं, नंतर नव्हे.

घरी परतल्यावर नवव्या दिवशी मालकांचा निरोप आला. गाडी विक्रीवरून काढली आहे, आधी डावं सिल करून घेतो, किंमत मग बघू. खाली तीन फोटो. पहिल्यात जाहिरातीची प्रत. 'रंग पत्र्यापर्यंत उतरवून' या शब्दांवर पेनाने रेघ. दुसऱ्यात डावं मडगार्ड भिंतीला टेकवलेलं आणि त्यामागून निघालेल्या चिखलाचा ढीग, शेजारी मोजायला चहाचा कप ठेवलेला. तिसऱ्यात दाराची चौकट, पत्रा अजून कापलेला नाही, आणि मधोमध आडवी वेल्ड केलेली नळी.